किल्टच्या आधीची टोपी

लुईस हे स्कॉटलंडच्या वायव्येचं बेट. झाडं मोजकी, वारा बारमाही, आणि जिकडे पाहावं तिकडे पीट. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात मुरत पडलेल्या शेवाळाची आणि गवताची काळी, ओली जमीन. तिथले लोक तिच्या विटा कापतात, वाळवतात आणि चुलीत घालतात. १९६४ साली स्टॉर्नोवे गावाजवळच्या आर्निश मूरवर पीट कापताना दोघा जणांना माणसाचे अवशेष सापडले. हाडं मऊ पडली होती. कवटीला मागच्या बाजूने मार बसल्याची खूण होती. अंगावरची लोकर मात्र पीटच्या आंबट पाण्याने जपून ठेवली होती. माणूस विशी-पंचविशीतला, साधारण १७००च्या सुमारास मेलेला. गावात एक जुनी गोष्ट सांगितली जाते. शाळा चुकवून पक्ष्यांची अंडी शोधायला गेलेल्या दोन मुलांचं भांडण झालं, एकाने दुसऱ्याच्या डोक्यात दगड घातला आणि तो बेट सोडून दर्यावर पळाला. सापडलेला तरुण तोच, असं तिथले लोक मानतात.

त्याच्या वस्तू आता एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. जाकीट, सदरे, मोजे, छोटी पिशवी, लाकडी कंगवा, शिंगाचा चमचा, पिसांच्या लेखण्या. आणि डोक्यावरची विणलेली लोकरी टोपी. यात किल्ट नाही, टार्टनची चौकड नाही. गेलिक मुलुखाच्या ऐन गाभ्यातला माणूस. पण आज जगभर ज्याला स्कॉटिश पोशाख म्हणतात त्यातली एकच वस्तू त्याच्याजवळ होती, ती म्हणजे ही टोपी. स्कॉटलंडमध्ये तिला बॉनेट म्हणतात.

किल्टवर पुस्तकांची कपाटं भरली आहेत. सिनेमे निघाले, लग्नातले फोटो निघाले. टोपीकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही; फार तर पोशाखाच्या वर्णनात शेवटी एक ओळ. मला हे उलटं वाटतं. बॉनेट किल्टपेक्षा जुनी आहे, किल्टपेक्षा जास्त लोकांची आहे, आणि माणूस कोण, कुणाच्या बाजूचा, कुठल्या कुळाचा हे सांगायचं काम शतकानुशतकं तिनेच केलं आहे.

आधी ती बनते कशी ते पाहू, कारण तिचा सगळा गुण घडणीत आहे. जाड लोकरीच्या धाग्याने, सुयांवर गोल गोल फिरत, एकसंध टोपी विणायची. कुठे शिवण नाही, जोड नाही. विणून झाली की ती कुणाच्याच डोक्याला बसणार नाही इतकी मोठी आणि सैल असते. मग ती गरम पाण्यात भिजवून तुडवायची, कुटायची, पिळायची, पुन्हा कुटायची. जुन्या काळी या कामाला साबणाबरोबर शिळं मूत्रही वापरत. लोकरीतला तेलकटपणा काढायला ते स्वस्त आणि हमखास. कुटता कुटता लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, टोपी आटत जाते, टाके दिसेनासे होतात आणि हाताला जाड, घट्ट, नमद्यासारखं कापड लागतं. मग रंग. मग ओली टोपी लाकडी साच्यावर ताणून वाळवायची, काटेरी बोंडांनी घासून तिच्यावर लव काढायची आणि ती लव कात्रीने सारखी करायची. आपल्या धनगराची घोंगडी जशी पावसाचं पाणी बराच वेळ आत येऊ देत नाही, तशीच ही टोपी. स्कॉटलंडच्या रिमझिमीत दिवसभर मेंढ्यांमागे फिरणाऱ्या माणसाला छत्रीपेक्षा तिचा उपयोग जास्त. शिवाय ती रुंद असे. उन्हात पुढे ओढता येई, वाऱ्यात कानावर घेता येई आणि वेळप्रसंगी तिच्यात चार अंडीही ठेवता येत.

वरच्या मध्यावर जो लोकरी गोंडा दिसतो त्याला टूरी म्हणतात. विणकाम जिथे येऊन मिटतं ती जागा झाकायला तो सोयीचा. पुढे त्याचीच शोभा झाली आणि आज लाल टूरीशिवाय बॉनेटचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही.

रंग बहुधा निळा. आधी वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून काढलेला, पुढे कंपन्यांच्या गलबतांतून हिंदुस्थानची नीळ युरोपात उतरू लागल्यावर तिचा. हा निळा इतका सर्रास झाला की सतराव्या शतकात इंग्रज माणूस स्कॉट लोकांना सरळ ‘निळ्या टोप्या’ म्हणे. १६३८ साली राजाने लादलेल्या धर्मविधींविरुद्ध स्कॉटलंडमध्ये शपथपत्रावर सह्या झाल्या, लढाया पेटल्या, आणि १६४० साली स्कॉट सैन्य ट्वीड नदी ओलांडून इंग्लंडमध्ये घुसलं. ते सैन्य प्रामुख्याने सखल मुलुखाचं, पाटलोणी घालणारं. डोक्यावर निळ्या बॉनेट.

हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. किल्ट, किंवा त्याच्या आधीचं अंगभर गुंडाळून पट्ट्याने बांधायचं लांब कापड, हा हायलँड्सचा, म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या डोंगरी मुलुखाचा पोशाख. एडिनबरोचा व्यापारी किंवा एअरशायरचा शेतकरी त्याकडे परक्या नजरेने पाहत असे. पट्ट्याने बांधायच्या त्या कापडाचे स्पष्ट उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीस येतात, आणि आज आपण पाहतो तो आखूड, शिवलेल्या चुण्यांचा किल्ट तर अठराव्या शतकातला. बॉनेट मात्र दोन्हीकडची. डंडी शहरातल्या बॉनेट करणाऱ्यांच्या मंडळाला १४९६ सालची सनद आहे, आणि ते मंडळ शहराच्या नऊ जुन्या कारागीर मंडळांपैकी एक म्हणून आजही नांदतं आहे. हे कारागीर राहत त्या चढावाला लोक बॉनेट हिल म्हणत. एडिनबरोच्या बॉनेटवाल्यांचं मंडळ १५३०चं. एअरशायरमध्ये किल्मारनॉक आणि शेजारचं स्टुअर्टन ही दोन गावं या धंद्यावर वाढली. स्टुअर्टनचं तर टोपणनावच ‘बॉनेटचं गाव’.

टोपीला लागून समाजाची उतरंडही आली. स्वतःची थोडीशी जमीन असलेला, पण गड्यांच्या बरोबरीने नांगर धरणारा आणि गड्यांसारखीच बॉनेट घालणारा शेतकरी, त्याला ‘बॉनेट लेर्ड’ म्हणत. लेर्ड म्हणजे जमीनदार. खरा जमीनदार हॅट घाली. त्याच्यापुढे बॉनेट काढून हातात धरायची, धर्मगुरूपुढेही काढायची.

आता कलोडन. १६ एप्रिल १७४६. इनव्हर्नेसजवळच्या माळावर ब्रिटनच्या गादीवर आपल्या घराण्याचा हक्क सांगणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचं सैन्य आणि लंडन सरकारचं सैन्य समोरासमोर आलं. दोन्ही बाजूंना हायलँडर होते, दोन्ही बाजूंना टार्टन होतं. टार्टनच्या चौकडीवरून कूळ ओळखता येतं हा आज सगळ्यांच्या मनात बसलेला समज मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला. कलोडनच्या माळावर एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन वेगवेगळ्या चौकड्या असत. मग आपला कोण आणि शत्रू कोण हे कळायचं कसं? टोपीवरून. स्टुअर्टच्या बाजूच्या बॉनेटवर पांढऱ्या फितीचं फूल. सरकारच्या बाजूच्या हायलँडरांच्या बॉनेटवर काळ्या फितीचं फूल आणि कापडाची फुली. शिवाय कुळाची म्हणून एक डहाळी खोचायची रीत होती: मॅकडोनाल्ड हेदर लावत, कॅम्पबेल दलदलीतली सुवासिक मर्टल, ग्रँट पाइनची डहाळी. धूर, पाऊस आणि आरडाओरड्यात माणसाचा जीव त्या बोटभर फितीवर तोललेला होता. लढाई तासाभरात संपली, आणि नंतरच्या कत्तलीत डोक्यावरचं पांढरं फूल म्हणजे मरण ठरलं.

पराभवानंतर पार्लमेंटने पोशाखावर बंदी आणली. अंगभर गुंडाळायचं कापड, आखूड किल्ट, ट्रूज म्हणजे तंग विजारी, खांद्याचे पट्टे, टार्टनचे वरचे कोट, हे सगळं १ ऑगस्ट १७४७पासून निषिद्ध. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सरकारी फौजेतल्या सैनिकांना तेवढी सूट. या कायद्याच्या यादीत बॉनेटचं नाव नाही. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. बंदी घालायची होती डोंगरी मुलुखाच्या खास वेशावर. बॉनेट तर सखल मुलुखातल्या निष्ठावंत शेतकऱ्याच्याही डोक्यावर होती. ती काढायची तर अख्ख्या देशाचं डोकं उघडं करावं लागलं असतं. १७८२ साली बंदी उठेपर्यंतच्या पस्तीस वर्षांत गावोगावी किल्ट विसरला गेला, तो नेसायची सवय मोडली. बॉनेट चालूच राहिली.

बंदी उठली तोवर वेश गरिबांच्या हातून सुटून श्रीमंतांच्या हौसेत आला होता. इथून टोपीची दुसरी गोष्ट सुरू होते, आणि तिच्यात एक माणूस असा आहे की त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही. ॲलिस्टर रॅनल्डसन मॅकडोनेल, ग्लेनगॅरीचा कुळप्रमुख. हेन्री रीबर्नने रंगवलेलं त्याचं पूर्णाकृती चित्र एडिनबरोच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. वॉल्टर स्कॉटच्या ‘वेव्हर्ली’ कादंबरीतला रुबाबदार कुळप्रमुख त्याच्यावरून बेतला असं मानतात. तो फिरायला निघाला की पूर्ण हायलँड वेशात, मागे सशस्त्र माणसांचा ताफा. ‘खऱ्या हायलँडरां’ची म्हणून त्याने एक संस्था काढली. आणि त्याच वेळी आपल्या जमिनीवरची कुळं उठवून तिथे मेंढ्यांचे कळप घालायला त्याने वाट करून दिली. त्या मुलुखातली हजारो माणसं कॅनडात गेली, आणि ओंटारियोत त्यांनी वसवलेल्या प्रदेशाचं नाव ग्लेनगॅरी पडलं. जुन्या वेशाचा एवढा कैवार घेणाऱ्याने तो वेश ज्यांचा होता त्यांना देशोधडीला लावलं, हे त्याच्याबद्दल लिहिताना झाकता येत नाही, झाकूही नये.

या ग्लेनगॅरीच्या नावाने ओळखली जाणारी टोपी गोल बॉनेटहून वेगळी. ती नावेच्या आकाराची. दोन्ही बाजू उभ्या, मध्ये खाच, वर टूरी, मागे दोन काळ्या फिती लोंबत्या. काढली की सपाट घडी होते आणि खांद्यावरच्या पट्टीखाली सरकवता येते. गोल बॉनेट मध्यावर दाबून दुमडली की असाच आकार येतो, म्हणून तिचा जन्म तिथूनच झाला असावा. १८२२च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा ग्लेनगॅरीने ही टोपी मिरवली आणि ती रूढ झाली असं परंपरेने सांगतात. त्या भेटीचा सगळा सोहळा वॉल्टर स्कॉटने आखला होता. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत गादीवरच्या राजाची ती पहिली स्कॉटलंडभेट. खुद्द राजाने किल्ट घातला, आणि ज्या वेशासाठी चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत माणसं हद्दपार होत होती तो एका पंधरवड्यात दरबारी वेश झाला. ग्लेनगॅरी मात्र फार जगला नाही. १८२८च्या जानेवारीत त्याची आगबोट खडकावर आदळली आणि किनारा गाठायच्या धडपडीत तो दगावला.

याच काळात टोपीवरच्या चिन्हांचे नियम पक्के होत गेले. कुळप्रमुखाच्या बॉनेटवर गरुडाची तीन पिसं, पोटशाखेच्या प्रमुखाला दोन, स्वतःच्या नावावर कुलचिन्ह नोंदलेल्या गृहस्थाला एक. बाकी कुळातल्या माणसाने पीस लावायचं नाही. त्याने प्रमुखाचं चिन्ह पट्टा-बक्कलाच्या गोल चौकटीत बसवलेल्या बिल्ल्याच्या रूपात डाव्या बाजूला लावायचं. पट्ट्याचा अर्थ सरळ आहे: मी या प्रमुखाचा माणूस. या चिन्हांचा निवाडा करणारा लॉर्ड लायन नावाचा अधिकारी आजही एडिनबरोत बसतो आणि त्याचं न्यायालयही आहे. बाजारात रंगीत पिसं लावलेल्या टोप्या ढिगाने मिळतात, पण स्कॉटलंडमधल्या एखाद्या कुळाच्या मेळाव्याला उगाच तीन पिसं लावून गेलात तर कोणीतरी जुना जाणता जवळ येऊन तुम्ही कुठल्या घराण्याचे प्रमुख, असं नम्रपणे विचारील.

गोल बॉनेटलाही या काळात राजघराण्याचं नाव मिळालं. व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट यांनी १८५२ साली बालमोरल इस्टेट विकत घेतली, आणि ताठ पट्टीची, सपाट माथ्याची, लाल टूरीची नीटस बॉनेट बालमोरल म्हणून ओळखली जाऊ लागली. तिसरं नाव टॅम ओ’शँटर, रॉबर्ट बर्न्सच्या १७९०-९१च्या काव्यातल्या दारुड्या शेतकऱ्याचं. वादळी रात्री घोडीवरून घरी परतताना तो आपली चांगली निळी बॉनेट सांभाळतो, एवढ्यावरून एका टोपीला त्याचं नाव लागलं. ढिली, रुंद आणि एका बाजूला पडणारी ती टॅम.

फौजेत गोष्ट वेगळ्याच थाटाला गेली. हायलँड पलटणींनी विणलेल्या बॉनेटवर शहामृगाची पिसं लावायला सुरुवात केली. एक, दोन, मग इतकी की आत तारेचा सांगाडा घालावा लागला आणि टोपी हातभर उंच झाली. तळाला चौकड्यांची पट्टी, बाजूला रंगीत तुरा. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली आल्माच्या लढाईनंतर सर कॉलिन कॅम्पबेल या सेनानीने एकच बक्षीस मागितलं: सेनापतीच्या हॅटऐवजी हायलँडची बॉनेट घालायची परवानगी. ती मिळाली, आणि त्याच्या तुऱ्यात त्याच्या हाताखालच्या तिन्ही हायलँड पलटणींचे रंग एकत्र आले. हाच कॅम्पबेल तीन वर्षांनी लखनौवर चालून आला. १८५७ वाचणाऱ्या आपल्या माणसांना तो तिथूनच ठाऊक असतो.

ग्लेनगॅरी टोपी फौजेत शिरली ती, बहुधा, १८४१च्या सुमारास ७९व्या पलटणीच्या पायपरांच्या, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्यांच्या, डोक्यावरून. मग सगळ्या हायलँड पलटणी, आणि १८६८ पासून तर बिनकिल्टच्या इंग्रज पायदळानेही ती जवळजवळ तीस वर्षं वापरली. या टोपीवरचा एक बिल्ला आपल्या वाचकांनी जवळून पाहावा असा आहे. हायलँड लाइट इन्फंट्री, म्हणजे ग्लासगो शहराची पलटण, तिचा. थिसल या काटेरी फुलाच्या मानचिन्हाचा तारा, त्यावर बिगूल, वर ‘स्टार ऑफ इंडिया’च्या साखळीतला मुकुट. बिगुलाच्या खाली फितीवर एक शब्द कोरलेला आणि फितीखाली चालता हत्ती. तो शब्द आहे असई.

आपल्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदनजवळचं असई. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्ली दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेवर चालून गेला. त्याच्याकडे ७४वी आणि ७८वी अशा दोन स्कॉटिश पलटणी होत्या. ७४वी भलतीकडे वळून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तिची चाळण केली. चारशेच्या आसपास ठार-जखमी झाले. वेलस्लीने लढाई जिंकली, पण पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या या माणसाने असईच्या रक्तपाताची आठवण आयुष्यभर काढली. ७४व्या पलटणीला हत्तीचं चिन्ह आणि असईचं नाव मिळालं. १८८१ साली ती ७१व्या पलटणीत मिसळून हायलँड लाइट इन्फंट्री झाली, आणि पिढ्यानपिढ्या ग्लासगोची पोरं आपल्या मातीतल्या एका खेड्याचं नाव डाव्या कानावर वागवत जगभर गेली. त्या पलटणीला किल्ट १९४७पर्यंत नव्हता. ती चौकड्यांच्या विजारी घाली. टोपी आणि टोपीवरचा बिल्ला, एवढंच तिचं हायलँडपण. आज तिचा वारसा रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडच्या दुसऱ्या बटालियनकडे आहे, आणि असईचा म्हणून तिच्याकडे तिसरा ध्वज आहे. इतर पलटणींना सहसा दोनच असतात. हा सन्मान देताना समोरच्या गोलंदाजांची आठवण कुठे कोरली गेली नाही. भोकरदनच्या वाटेने जाणाऱ्याने ती काढावी.

हिंदुस्थानच्या फौजेतही या टोप्यांची एक शाखा उरली. गुरखा पलटणींची काळी, गोल, डबीसारखी टोपी, तिचं फौजी नाव किल्मारनॉक. एअरशायरच्या त्याच गावावरून.

पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ग्लेनगॅरी कुचकामी ठरली. पावसात डोळे-कान उघडे, आणि चौकडीची लाल-पांढरी पट्टी शत्रूला दुरून दिसायची. मग खाकी कापडाची ढिली टॅम आली. खंदकात म्हातारी गोल बॉनेटच कामी आली म्हणायची.

आयर्लंडकडे वळताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. तिथला जुना पोशाख किल्ट नव्हे. केशरात रंगवलेला, ढगळ बाह्यांचा लांब तागाचा सदरा, त्यावर झगा. १५३७ साली इंग्रजी सत्तेने केशरी रंगाच्या सदऱ्यांवर बंदी घातली, आणि त्या कायद्यात केशरात रंगवलेल्या तागाच्या टोपीचाही स्पष्ट उल्लेख आहे. स्कॉटलंडच्या कायद्याने टोपी सोडून दिली. आयर्लंडच्या कायद्याने दोनशे वर्षं आधी टोपीलाही हात घातला होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक भाषा आणि संस्कृतीचं पुनरुज्जीवन सुरू झालं, तेव्हा कार्यकर्त्यांनी आपला वेश म्हणून एकरंगी केशरी किल्ट उचलला. पॅट्रिक पिअर्सने १९०८ साली काढलेल्या सेंट एंडाज शाळेत मुलं किल्ट घालत, जरी किल्ट हा जुना आयरिश वेश आहे का याबद्दल खुद्द पिअर्सला शंका होती आणि १९००च्या एका पत्रात त्याने ती मांडली होती. इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १९१६च्या उठावानंतर पिअर्सला गोळ्या घातल्या. केशरी किल्ट राहिला.

त्याच्याबरोबरची टोपी म्हणजे कॉबीन. एकोणिसाव्या शतकात कॉबीन म्हणजे गरीब आयरिश माणसाची जुनी, आकार गेलेली टोपी; इंग्रजी व्यंगचित्रांतल्या आयरिश माणसाच्या डोक्यावर ती हमखास असे. तीच टोपी आयरिश पलटणींच्या पायपरांनी मानाने घेतली. आकार बालमोरलसारखा, पण जास्त भरघोस, आणि टूरी नाही. १९०० साली उभ्या राहिलेल्या आयरिश गार्ड्सचे पायपर केशरी किल्ट, कॉबीन आणि निळा तुरा घालतात. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लंडन आयरिश रायफल्सने ती सगळ्या सैनिकांना दिली, युद्धानंतर बाकीच्या आयरिश पायदळानेही घेतली. आजच्या रॉयल आयरिश रेजिमेंटच्या कॉबीनवर हिरवा तुरा असतो. ओवेन रो ओ’नील या सतराव्या शतकातल्या आयरिश सेनानीच्या चित्रावरून हा घाट आला अशी परंपरा सांगतात. १६४० साली स्पेनच्या बाजूने आरास शहर लढवणारा आणि १६४६ साली बेनबर्बची लढाई जिंकणारा तो माणूस, तेव्हा परंपरेला हा पूर्वज हवासा वाटणं साहजिक आहे.

दोन्ही टोप्या शेजारी ठेवल्या तर फरक एका नजरेत कळतो. स्कॉटिश बॉनेटचा बिल्ला डाव्या बाजूला, टोपीचा उतार उजवीकडे. आयरिश कॉबीनचा बिल्ला उजव्या डोळ्यावर, उतार डावीकडे. लांबून मिरवणूक येताना दिसली की पाइपचे सूर कानावर पडण्याआधीच ओळखता येतं.

ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीन या क्लाइडकाठच्या मैदानावर पाइप बँडची जागतिक स्पर्धा होते. तिथे गेलात तर मुख्य रिंगणापेक्षा मागच्या गवतावर जास्त वेळ घालवा. बँड रिंगणात जाण्याआधीची ती दहा मिनिटं. पाइप जुळवण्याचा गोंधळ चाललेला असतो, आणि प्रमुख एकेकासमोर उभा राहून फक्त टोपी बघतो. मी पाहिलं तेव्हा एका किशोरवयीन मुलीची ग्लेनगॅरी त्याने दोन बोटांनी पुढे ओढली, भुवईच्या वर दोन बोटं अंतर ठेवलं, बिल्ला कान आणि डोळा यांच्या मधोमध आणला आणि मागच्या फिती पाठीवर सरळ सोडल्या. ती एक शब्द बोलली नाही, पण तिची मान ताठ झाली. तिच्या पाइपकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

रस्त्यावर मात्र चित्र वेगळं. एडिनबरोच्या रॉयल माइलवर भाड्याचा किल्ट घातलेले नवरदेव उघड्या डोक्याने फिरतात; टोपी भाड्याच्या संचात सहसा नसतेच. दुकानात तिच्या जागी लाल टार्टनची, खालून नारिंगी खोटे केस लोंबणारी टोपी टांगलेली असते आणि पर्यटक ती घालून फोटो काढतात. फुटबॉलच्या सामन्यात स्कॉट स्वतःही ती घालतात, तो त्यांचा हक्क. पण सनद मिळालेल्या कारागिरीची ओळख परक्या माणसाला या खोट्या केसांवरून व्हावी याचं मला वाईट वाटतं.

बॉनेटचा खरा जीव अजून फौजेत आणि बँडमध्ये आहे. २००६ साली जुन्या स्कॉटिश पलटणी एकत्र करून एकच रेजिमेंट केली, तेव्हा जुन्या सैनिकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. नावं गेली, बिल्ले गेले, एकच बिल्ला झाला. तडजोड म्हणून टॅमवरचे तुरे वेगळे राहिले: पहिल्या बटालियनला काळा, दुसऱ्या बटालियनला पांढरा, ब्लॅक वॉचला तिचा जुना लाल, हायलँडर्सना निळा, आर्गाइलवाल्यांना हिरवा. पलटण गेली तरी रंग राहिला, म्हणून माणसं त्या तुऱ्यासाठी भांडतात. ग्लेनगॅरीची चौकडीची पट्टी तर फौजेच्याही पलीकडे गेली. १९३२ साली ग्लासगोचे पोलीसप्रमुख पर्सी सिलिटो यांनी ती काळ्या-पांढऱ्या रूपात पोलिसांच्या टोपीवर आणली, आणि आज ब्रिटनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ती पोलिसांची खूण आहे.

स्टुअर्टनमध्ये १८४५पासून चालत आलेला रॉबर्ट मॅकींचा कारखाना ग्लेनगॅरी आणि बालमोरल बनवतो. गावात बॉनेट गिल्डचा उत्सवही होतो. दुसरीकडे सीमेपलीकडच्या सियालकोटमध्ये किल्ट, पाइप आणि या टोप्यांचा मोठा धंदा आहे. जगभरच्या लहान बँडना तोच माल परवडतो. सियालकोटच्या कारागिराचा हात कमी आहे असं मी म्हणणार नाही, पाइप बनवण्यात तिथे पिढ्या गेल्या आहेत. पण तिथली स्वस्त टोपी बहुतेक वेळा कापड कापून शिवलेली असते, आणि कापून शिवलेली टोपी ही बॉनेटची नक्कल झाली.

म्हणून कधी घ्यायची वेळ आली तर आधी ती उलटी करा. अस्तर उचकून माथ्याची आतली बाजू पाहा. तिथे तुकडे जोडल्याच्या शिवणी दिसल्या तर ती कापडाची. शिवण नसेल, आणि उजेडात धरून नीट पाहिल्यावर आटलेल्या लोकरीत गोल फिरत गेलेले टाके पुसट दिसले, तर ती विणून कुटलेली. मग वर थोडं पाणी शिंपडा. विणलेल्या टोपीवर थेंब काही वेळ तसेच राहतात. दुकानदार खरा असेल तर तो ही परीक्षा आनंदाने करू देईल. टोपी डोक्याला जरा घट्ट वाटली तरी चालेल. ओली करून रात्रभर वाडग्यावर ताणून ठेवली की ती बसते, आणि मागच्या फिती आहेतच.